कापूस वेचताना चेलो वाजवावा

विदर्भाच्या खेड्यावर ‘दर्जेदार’ वेबमालिका काढायची ठरवलीय ना? मग आधी जमिनीला भेगा दाखवा. पाडायची गरज नाही. आपली काळी माती वैशाखात आपसूक एवढी भेगाळते की चप्पल अडकते, आदल्या साली नाल्याला पूर आलेला असला तरी. हे प्रेक्षकाला सांगायचं नाही. भेगांवरून ड्रोन फिरवा आणि पुढच्याच दृश्यात हिरवीगार पऱ्हाटी उभी करा.

आता बाप. कापूस विकून तो घरी येतो. खरा बाप खिशातली हिशेबपट्टी काढून फळीवर, साखरेच्या डब्याखाली सरकवतो आणि पाय धुवायला जातो. पोरगी डब्याकडं एकदा पाहते, चहा मांडते, विचारत काही नाही. हे असं चालायचं नाही. तुमच्या बापानं उंबरठ्यातच म्हणावं, “भाव पडला, पोरी.” मग कॅमेरा पट्टीवर. मग आकडा पडदाभर. मग वीज कडाडली पाहिजे, दिवाळी उलटून गेलेली असली तरी. एवढ्यानंही कोणाला कळलं नसेल तर चेलो, तो मोठ्या व्हायोलिनसारखा बाजा.

चेलोत कंजुषी नको. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडं असलीच एक मालिका मोबाइल डब्याला टेकवून पाहत होतो. आत्या शेजारी वाती वळत बसलेली. मांडीवर वातीचं एक टोक घासता घासता तिनं हात थांबवला : “मानूस तं अजून रडलाच नाही, बाजा काऊन रडून राह्यला रे?” असल्या प्रेक्षकांकडं लक्ष देऊ नका.

लोकसंगीत हवंच. पोळ्याच्या झडत्या घ्या. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या, एकानं दुसऱ्याच्या पाटीलकीची खोड काढायची आणि सगळ्यांनी मिळून “हर बोला, हर हर महादेव” ठोकायचं, असा तो मामला. तुम्ही ती झडती तिप्पट संथ करा, पियानोवर बसवा आणि कुजबुजत्या आवाजाच्या गायिकेकडून म्हणवून घ्या. खोड गेली, बैल गेले, पण ‘मुळं’ राहिली.

(आमच्या पूर्वेला वडशाकडं झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, तिथं ऑर्गन तरी कुठं हात आखडता घेतो? कबूल. पण तिथं कंटाळलेला माणूस शिट्टी मारतो आणि ती नटाला ऐकू जाते.)

रात्रीचं दृश्य मात्र काळंकुट्टच हवं. शेतीपंपाला वीज रात्री येते म्हणून चण्याला पाणी द्यायला निघालेला आमचा माणूस डोक्याला चांगली लखलखीत बॅटरी बांधतो. ती काढून घ्या. दिसत नाही अशी तक्रार आलीच तर दोष प्रेक्षकाच्या टीव्हीला द्यावा. 2019 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या रात्रीच्या लढाईवर लोक ओरडले, तेव्हा छायाचित्रणकारानं बोट लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगकडंच दाखवलं होतं.

फक्त मालिका आमच्या घरी पोचू देऊ नका. तिसऱ्या भागात आत्यानं वातीचं ताट बाजूला ठेवलं, आवाजाचं बटण खालपर्यंत दाबून धरलं आणि चांगली पंधरा मिनिटं टक लावून त्या बापाकडं पाहत राहिली.

“आता बरा बोलून राह्यला थो,” म्हणाली.