कोण आलं नाही, ते मोजा

मुंबईत मतदान झालं की दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या ग्रुपवर ठरलेला राग निघतो. सुट्टी मिळाली, लोक लोणावळ्याला पळाले, आता मतदानाची सक्तीच करा. २०२४ च्या लोकसभेला मुंबईचं मतदान सोमवारी होतं, त्यामुळे रागाला आयतंच कारण मिळालं. दक्षिण मुंबई पन्नास टक्क्यांपाशी अडकली. तिकडे गडचिरोली-चिमूरमध्ये बऱ्याच भागात दुपारी तीनलाच मतदान संपत होतं, तरी आकडा बहात्तरच्या जवळ गेला.

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे मतदानाला सुट्टी नसते. गुरुवार असतो, सकाळी सात ते रात्री दहा केंद्र उघडं असतं, कामावरून येता-जाता मत द्यायचं. मतदानही घसरतंय: १९५० मध्ये ८४ टक्के, १९९२ मध्ये जेमतेम ७८, २००१ मध्ये ५९. मध्ये थोडं सावरलं आणि २०२४ मध्ये पुन्हा साठच्या खाली आलं. त्या निवडणुकीत लेबर पक्षाने ३४ टक्क्यांहून कमी मतांवर चारशेच्या वर जागा जिंकल्या. नोंदणी झालेल्या पाच मतदारांपैकी साधारण एकाच्या पाठिंब्यावर एवढं राक्षसी बहुमत!

ब्रिटिश माणूस आळशी झाला, असं म्हणून हे सुटत नाही. याच देशात २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघ सोडायचा का या सार्वमताला ७२ टक्के मतदान झालं, आणि २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमताला स्कॉटलंडमध्ये ८५ टक्क्यांच्या जवळ मतदान झालं. आपल्या मताने काही ठरणार आहे असं वाटलं की लोक येतात. एरवी बऱ्याच मतदारसंघांत कोण निवडून येणार हे आधीच माहीत असतं, तिथे उमेदवारही दारात फिरकत नाही.

पण मला टक्क्यांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. १९६४ मध्ये इथले तरुण आणि पेन्शनर जवळपास सारख्याच प्रमाणात मत देत. आज त्यांच्यात मोठी दरी आहे. भाड्याने राहणारे घरमालकांपेक्षा कमी येतात, गरीब श्रीमंतांपेक्षा कमी. राजकारण्यांना हा हिशेब चोख कळतो. २०१० नंतर सरकारने पेन्शन महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याने दरवर्षी वाढेल अशी हमी दिली, आणि त्याच सरकारने विद्यापीठाची कमाल फी तिपटीच्या आसपास नेऊन नऊ हजार पौंड केली. पुढे मतदानाला फोटो ओळखपत्र लागू लागलं, तेव्हा ज्येष्ठांचा बसपास चालेल पण तरुणांचं रेल्वे सवलतकार्ड चालणार नाही असं ठरलं. माझा भारतीय पासपोर्ट मात्र चालतो! राष्ट्रकुलातले नागरिक इथे राहत असले की संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात, ही एक गंमतच.

म्हणून सक्तीचा उपाय मला अर्धाच पटतो. ऑस्ट्रेलियात तो लागू पडला: १९२२ मध्ये साठच्या खाली असलेलं मतदान १९२४ च्या कायद्यानंतर लगेच नव्वदच्या वर गेलं. पण तिथे मतदान शनिवारी असतं आणि परगावी असलेल्यालाही सहज मत देता येतं. दंड आधी आणि सोय नंतर, असा तो प्रकार नाही. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा केला, त्याला २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत ४६ टक्क्यांच्या आसपास असलेलं मतदान आता ६५ च्या पुढे असतं, आणि ते चढवलं खेड्यातल्या आणि वस्त्यांतल्या लोकांनी. मलबार हिलचा माणूस घरी बसला तर त्याचं फारसं बिघडत नाही. त्याला मंत्रालयातल्या सचिवाचा फोन नंबर माहीत असतो. त्याच्यासाठी एवढा गळा काढायची मला गरज वाटत नाही.

यायची इच्छा असून ज्यांना येता येत नाही, त्यांच्याबद्दल ग्रुपवर कुणी बोलत नाही. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या सुमारास. बीडची कोयता जोडपी, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको, बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्याकडे निघतात, नाव मात्र गावच्या यादीत राहतं. परत यायचं म्हणजे मजुरी बुडणार आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर तशीच.

आम्हा परदेशातल्या भारतीयांनाही २०१० च्या दुरुस्तीनंतर यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला विमानाने गावी जावं लागतं. आमच्यासाठी प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढे बारगळलं. इथल्या मंडळांत त्याची हळहळ अजून ऐकू येते. मी त्यात सूर मिसळत नाही. स्थलांतरित मजुराला तो असेल तिथून मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये एका यंत्राचा नमुना पुढे आणला होता, आणि बहात्तर मतदारसंघांची मतं एका केंद्रावर घेता येतील असं सांगितलं होतं. विरोधी पक्षांनी शंका काढल्या, त्यातल्या काही रास्तही होत्या, आणि विषय तिथेच थांबला. रांग लावायचीच असेल तर त्या जोडप्याचा नंबर माझ्या आधी आहे.