‘एसव्हीसीहोस्ट’ला हात लावू नका, आणि ती लिंक तर उघडूच नका

‘तुमच्या घरचं इंटरनेट रात्री कोण पितंय?’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये छुपं सॉफ्टवेअर बसलंय आणि ते तुमचा डेटा परदेशात विकतंय. टास्क मॅनेजरमध्ये (कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची यादी) ‘एसव्हीसीहोस्ट’ एकापेक्षा जास्त वेळा दिसलं तर पहिलं खरं, बाकीचे चोर. ते डिलीट करा. मोबाईलवर *#२१# डायल केलं की चोरी कळते. झोपल्यावरही राउटरचा दिवा लुकलुकत असेल तर चोरी चालू आहे. आणि शेवटी, चोर पकडायला ही लिंक दाबून फुकट अ‍ॅप घ्या, वीस जणांना पाठवा.

बेळगावच्या शहापुरात माझ्या मामांचं साड्यांचं दुकान आहे. त्यांना हा मेसेज आला आणि ते बिलाच्या कॉम्प्युटरसमोर बसले. मला फोन आला, “अगं, हे चोर लई आहेत की गं! एकेक काढू की सगळे एकदम?” मी म्हटलं, “मामा, आधी माऊस सोडा.” दुकानाची सगळी उधारी, जीएसटीची बिलं, गिऱ्हाइकांची खाती त्या एका मशीनवर आहेत. त्यामुळे हे वाचून सोडून देणं मला जमणार नाही.

एसव्हीसीहोस्ट (svchost.exe) म्हणजे विंडोजचा सर्व्हिस होस्ट. नेटवर्क, आवाज, प्रिंटर, घड्याळ, अपडेट अशा विंडोजच्या बारीकसारीक सेवा स्वतःच्या पायावर चालत नाहीत, त्या या होस्टमध्ये बसून चालतात. पूर्वी पुष्कळ सेवा एकाच होस्टमध्ये कोंबलेल्या असायच्या. २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं पद्धत बदलली: साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सेवांना वेगवेगळा होस्ट. एक सेवा कोलमडली तर बाकीच्या तगाव्यात, हा हेतू. म्हणून आजच्या कुठल्याही धडधाकट मशीनवर हे नाव डझनावारी दिसतं. एकच दिसलं असतं तर मला काळजी वाटली असती! यातला नको तो होस्ट बंद करायला गेलात तर विंडोजच ताकीद देतं, की हे थांबवलं तर यंत्र निरुपयोगी होईल किंवा बंद पडेल. मेसेज लिहिणाऱ्यानं ती ताकीदसुद्धा ‘चोराची धमकी’ ठरवली आहे, ‘घाबरू नका, ओके दाबा’. हे वाचून माझं डोकं फिरलं. अडाणीपणा एक वेळ समजू शकते, पण माणसाला वाचवणारी एकमेव सूचना खोटी ठरवणं हा सरळ घात आहे.

एक गोष्ट मान्य करते. काही व्हायरस हेच नाव घेऊन लपतात. ते ओळखायला मोजदाद उपयोगाची नाही, पत्ता बघावा लागतो. नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबा. विंडोज फोल्डरातलं सिस्टम३२ उघडलं तर निर्धास्त राहा. डाउनलोड्स, टेम्प असलं काही उघडलं तर मशीन नेटपासून तोडा आणि जाणकाराला दाखवा.

*#२१# बद्दल जास्त लिहावं असं काही नाही. तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का, एवढंच तो कोड सांगतो. घरच्या नेटशी त्याचा काडीचा संबंध नाही. मात्र अनोळखी माणसानं पाठवलेले कोड डायल करायची सवय लागणं वाईट, कारण याच घराण्यातला दुसरा कोड एखाद्या नंबरासकट डायल केला की तुमचे कॉल त्या नंबरावर जातात, आणि कॉलवर येणारा ओटीपीही. या फसवणुकीपायीच दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड डायल करून कॉल वळवायची सोय बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं.

राउटरचा दिवा लुकलुकणारच. टीव्ही, कॅमेरा, फोन झोपेतही राउटरशी बोलत असतात.

आता ‘परदेशात विकतंय’ हा मुद्दा. हा मात्र निव्वळ थापेबाजी नाही, आणि म्हणूनच मेसेज खरा वाटतो. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागानं ‘९११ एस५’ नावाचं जाळं मोडलं आणि ते चालवणाऱ्या चिनी नागरिकाला अटक झाली. जवळपास २०० देशांतले १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचे पत्ते, त्या जाळ्यात होते. लोकांच्या घरच्या विंडोज मशीनमधून हे टोळकं गुन्हेगारांना भाड्यानं वाट काढून द्यायचं. म्हणजे गुन्हा करणारा कुठेतरी तिसरीकडे, आणि नोंदीत पत्ता तुमच्या घराचा. एकट्या अमेरिकेत बेकारी भत्त्याचे ५ लाख ६० हजार खोटे दावे या पत्त्यांवरून झाले, नुकसान ५.९ अब्ज डॉलरच्या वर. आपल्याकडे कनेक्शन आधार दाखवून घेतलेलं असतं. तेव्हा दहा-वीस जीबी गेल्याचं दुःख सोडा, भीती पोलीस दारात येण्याची आहे.

पण ते सॉफ्टवेअर घरात शिरलं कसं? लोकांनी स्वतःच्या हातानं बसवलं म्हणून. एफबीआयनं नावं जाहीर केली: मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, पॅलाडिनव्हीपीएन, प्रॉक्सीगेट, शील्डव्हीपीएन, शाइनव्हीपीएन. व्हीपीएन, म्हणजे आपला खरा पत्ता लपवून नेट वापरायची सोय देणारी आणि ‘तुम्हाला सुरक्षित ठेवतो’ म्हणणारी फुकट अ‍ॅप्स. त्यांच्या प्रक्रिया टास्क मॅनेजरमध्ये ‘मास्क_एसव्हीसी’, ‘ड्यू_एसव्हीसी’ अशा नावांनी दिसायच्या, एसव्हीसीहोस्ट नव्हे. व्हीटीयूचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विश्वेश्वरय्या विद्यापीठाचं, मुख्यालय ज्या बेळगावात आहे तिथल्या किती पोरांच्या लॅपटॉपमध्ये फुकट व्हीपीएन असतील, पालकांनी एकदा विचारून बघावं. तीच गोष्ट स्वस्तातल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सची. सगळे मराठी चॅनेल फुकट दिसतात म्हणून घेतलेला बिननावाचा बॉक्स कारखान्यातूनच असलं सॉफ्टवेअर घेऊन येऊ शकतो. जून २०२५ मध्ये एफबीआयनं ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या जाळ्याबद्दल जो इशारा दिला तो याच जातीच्या उपकरणांबद्दल होता.

म्हणजे चोर ज्या दारानं आला तेच दार हा मेसेज तुम्हाला पुन्हा उघडायला सांगतोय. लिंकवरून उतरणारी ती फाइल एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवणारी फाइल आहे, प्ले स्टोअरच्या बाहेरची. ती एसएमएस वाचायची आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन वाचायची आणि तुमच्या वतीनं बटणं दाबायची, परवानगी मागते. डेटा मोजायला एसएमएस कशाला वाचावे लागतात? लग्नपत्रिका, वाहनाचा दंड यांच्या नावानं एपीके पाठवून खाती साफ करतात, तो हाच प्रकार.

खरं शोधायचं असेल तर नवं काही बसवावं लागत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, डेटा युसेज उघडा (विंडोज ११ मध्ये ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’च्या आत असतं). कुठल्या प्रोग्रामनं ३० दिवसांत किती खाल्लं ते दिसतं. मग सगळं बंद करून स्टार्टमधून रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कच्या पानावर जा आणि ‘सेंड’च्या रकान्यावर टिचकी मारा. माझा भर या रकान्यावर आहे. साध्या घरात आत येणारा डेटा खूप आणि बाहेर जाणारा थोडा असतो. परक्याचा रहदारीमार्ग झालेलं मशीन जेवढं आत घेतं तेवढंच बाहेर ओततं. काहीही चालू नसताना एखादं अनोळखी नाव सतत पाठवतच असेल, तर तिथं थांबून शोध घ्या. टीव्ही बॉक्सला असं पान नसतं. तो दोन-चार दिवस काढून ठेवा आणि राउटरच्या पानावरचा वापर किती उतरतो ते बघा. त्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या बुडाच्या स्टिकरवर असतो. जोडलेल्या उपकरणांची यादीही तिथंच आहे. कनेक्शन जोडणाऱ्यानं तुमचा मोबाईल नंबरच वायफायचा पासवर्ड ठेवला असेल तर आजच बदला.

बाहेर ओतणारं प्रत्येक नाव चोराचं नसतं, हेही सांगायला हवं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा होम आणि प्रो आवृत्तीत डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सोय मुळातच चालू होती. तुमच्या मशीनवर उतरलेले अपडेट ती इंटरनेटवरच्या इतरांना वाटायची, तुमच्या नेटवरून. न विचारता हे चालू ठेवणं मला आजही पटत नाही. अपडेटच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. आणि मामांच्या घरी डेटा कुठं जात होता? मामेभावानं शिवजयंतीच्या चित्ररथांचे रात्रभराचे व्हिडिओ काढले होते, ते बॅकअपला चढत होते. शिवाय टीव्हीवर रोज दोन तास सिरीज. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या आकड्यानुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात, म्हणजे महिन्याला १८० जीबीपर्यंत तिथंच.

आपल्याकडे हे मेसेज जास्त पसरतात याचं एक कारण मला दिसतं. कंपनीचे एसएमएस कन्नड किंवा इंग्रजीत येतात. कस्टमर केअरला मराठीत बोललं तर समोरचा गोंधळतो. मग घरच्या म्हाताऱ्या माणसांना शुद्ध मराठीत समजावणारं जे मिळतं ते व्हॉट्सअ‍ॅपवरचंच. म्हणून तुमच्या ग्रुपवर हा मेसेज आला तर नुसतं ‘फेक’ लिहून पुढे जाऊ नका, काय खोटं आणि का, ते मराठीत लिहा.

ज्यांनी ते अ‍ॅप आधीच घेतलंय त्यांनी फोन फ्लाइट मोडवर टाकावा, अ‍ॅपची परवानगी काढून ते उडवावं आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मेसेजमध्ये मदतीसाठी मुंबईचा म्हणून दिलेल्या नंबरावर करू नका. आपली तक्रार बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाण्यात होते.