रेशनच्या तांदळातले ते दाणे प्लास्टिकचे नाहीत

‘रेशनच्या तांदळात प्लास्टिक, पाण्यात टाका, दाणे तरंगतात’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. ते फोर्टिफाइड तांदळाचे दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढलेले. साधारण शंभरात एक. हलके असल्यानं काही तरंगतात. मी काल चमचाभर वेचून वेगळे शिजवले. भातासारखे मऊ झाले, बोटांत सहज चुरडले. प्लास्टिक असं शिजत नाही.

लोहाशिवाय हिमोग्लोबिन तयार होत नाही. फॉलिक ॲसिड, बी-१२ कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी नीट घडत नाहीत. आणि नेमके हेच दाणे लोक निवडून फेकताहेत, याचं फार वाईट वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.