आत्या, पत्ते नकोत

आज बेळगावात टिळकवाडीत नात्यातल्या एका घरी वास्तुशांत होती. मांडे दुधात चुरून पोटभर खाल्ले, भटजी गेले, दुपारचे तीन वाजले. अर्धे लोक गादीवर आडवे, अर्धे फोनमध्ये. म्हटलं आता काय करायचं, म्हणून पर्समधनं पत्ते काढले. माझ्या पर्समध्ये पत्ते असतात हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. एक मामी लगेच सरकून बसल्या, नणंद आली, चौथ्याला हाक मारणार तेवढ्यात यजमान, म्हणजे माझ्या मामेभावाचा मुलगा, जवळ येऊन वाकून म्हणाला, "आत्या, पत्ते नकोत. सासरची माणसं आलीत. नव्या घरात पहिल्याच दिवशी जुगार बरा दिसत नाही."

हसत म्हणाला. हसत म्हणाला म्हणूनच जास्त लागलं.

मी काही बोलले नाही. पत्ते पर्समध्ये टाकले, साडी सारखी केली आणि रिक्षा करून अनगोळला आले. दोन तास झाले, अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहिते आहे. ज्यांना लांब पोस्ट वाचायचा कंटाळा येतो त्यांनी इथंच थांबा.

जुगार! आणि ती सासरची माणसं काय करत होती ते सांगू? एकजण सोफ्यावर पसरून फोनवर लुडो खेळत होता. कुणाबरोबर, तर कॉम्प्युटरबरोबर. सोंगटी आपोआप चालते, फासा आपोआप पडतो, हा फक्त बोट लावतो. दुसरा जो कोपऱ्यात बसला होता तो वर्ष-दीड वर्षापूर्वीपर्यंत फोनवरच पैसे लावून रमी खेळायचा. किती गेले ते त्याच्या बायकोला विचारा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत कायदा झाला आणि पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले, म्हणून सुटला. तेव्हा त्याला कुणी म्हटलं नाही की जावईबापू, जुगार बरा दिसत नाही. का? तर फोनमध्ये होता. फोनमधलं काहीही चालतं. सतरंजीवर चार बायका मेंढीकोट खेळायला बसल्या की मात्र घराची अब्रू जाते.

हो, पत्त्यांपायी घरं बसलीत. अंदर-बाहरच्या अड्ड्यांवर शेतं गेलीत, मलाही माहीत आहे. झालं? पुढं बोलू?

माझ्या लेखी पत्ते म्हणजे २०१९ चा ऑगस्ट.

जे निपाणीकडचे आहेत त्यांना सांगायला नको. वेदगंगा अशी फुगली की यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, गाड्या जागच्या जागी उभ्या. मी नेमकी बाबांना बघायला गावी गेले होते आणि अडकले. आमचं घर नदीकाठच्या गावात. घर म्हणजे खरं तर अर्धं घर. २००८ ला वाटणी झाली, मधोमध भिंत उठली, अलीकडं बाबा, पलीकडं काका. त्या दिवसापासनं दोघं सख्खे भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते. अकरा वर्षं. लग्नात, मयतात, समोरासमोर आले तरी मान वळवायची. कोर्टात केस सुरू होती ती वेगळीच.

आता गंमत अशी की माडी आणि जिना वाटणीत आमच्या बाजूला आला होता. पाणी दोन्हीकडं सारखंच शिरलं. संध्याकाळी भिंतीपलीकडनं काकूची हाक आली. बाबांनी मला सांगितलं, "त्यास्नी वर घे." त्यास्नी! सख्ख्या भावाला.

म्हणजे माडीवर चौघं. बाबा, काका, काकू आणि मी. करंट नाही. एक कंदील, एक गॅसची शेगडी, चहापूड भरपूर, साखर बेताची. खाली भिजलेल्या कडब्याचा वास. बाबा पूर्वेच्या भिंतीकडं तोंड करून, काका पश्चिमेच्या. पहिली रात्र अशीच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूला ते सहन होईना. ती म्हणाली, "पत्तं हाईत काय गं कुठं?" बाबांच्या ट्रंकेत निघाले. बाराखडीसारखे क्रमानं लावून बघितले तर एक्कावन्नच. किलवरची तिर्री गायब. मग जोकर घेतला, त्याच्यावर बॉलपेननं लिहिलं, किलवर ३.

जोड्या पाडायची वेळ आली तेव्हा काकू म्हणाली, "मी ह्यांच्याबरोबर खेळणार न्हाई, वराडत्यात." आणि माझ्यासमोर येऊन बसली. मेंढीकोटात जोडीदार समोरासमोर बसतो. मग उरलं कोण? बाबा आणि काका, एकमेकांसमोर. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

थांबा, ते सांगते पुढं. आधी त्या लुडोचं संपवू दे, तोंडात आलंय.

तो लुडो म्हणजे आपलीच पचिशी. सोंगट्यांचा कापडी पट असायचा, अधिक चिन्हासारखा, चार हातांवर चोवीस-चोवीस घरं. साहेबानं त्यातल्या कवड्या काढल्या, फासा घातला आणि १८९६ ला इंग्लंडात लुडो म्हणून पेटंट घेतलं. घेऊ दे. खरं कवड्या टाकण्यात जी मजा आहे ती त्या फाशात नाही, आणि फोनमधल्या फाशात तर आजिबातच नाही. माझी आज्जी चल्लसआठ खेळायची. जमिनीवर खडूनं पाच बाय पाचची पंचवीस घरं, चार कवड्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. चारी उताण्या पडल्या तर चार, चारी पालथ्या पडल्या तर आठ. कवड्या नसल्या तर चिंचोके दगडावर घासून एका बाजूनं पांढरे करायचे. तिच्या सोंगट्या म्हणजे बांगडीचे तुकडे. माझ्या म्हणजे तुरीच्या काड्या. ती मला एकदाही मुद्दाम जिंकू दिली नाही. सहा वर्षांची मी, भोकाड पसरायची, ती शांतपणे माझी सोंगटी मारायची आणि म्हणायची, "रड, खरं डाव नीट बघ." आता फोनमध्ये पोरगं हरलं की स्क्रीनवर फुगे फुटतात आणि त्याला हिरे मिळतात. हरल्याबद्दल हिरे!

माझ्या शेजारच्या अव्वा हाच खेळ चौकाबारा म्हणून खेळतात. उन्हाळ्यात आम्ही दोघी त्यांच्या कट्ट्यावर बसतो. त्या मोजतात ओंदु, एरडु, मूरु. मी मोजते एक, दोन, तीन. त्यांचं मराठी यथातथा, माझं कन्नड त्याहून यथातथा. खरं भांडण मात्र अस्खलित होतं. त्यांच्या नियमात समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. आज्जीकडं तसं नव्हतं. सहा वर्षं झाली, तो नियम अजून ठरलेला नाही. सीमाप्रश्न त्याच्या आधी सुटेल. (ह्यावर कमेंटमध्ये सुरू होऊ नका, हात जोडते.)

राग जरा उतरला वाटतं. चहा टाकून आले.

तर मेंढीकोट. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. चौघांना तेरा-तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन ज्यांच्याकडं गेल्या ते जिंकले, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात, म्हणजे जिंकलेल्या फेऱ्या, जास्त ते, चारी एकाच जोडीकडं गेल्या की कोट. आणि सगळ्यात मोठा नियम, जोडीदाराला पान सांगायचं नाही. बोलायचं नाही, डोळा मारायचा नाही, खोकायचं नाही. त्यानं कुठलं पान टाकलं त्यावरनं ओळखायचं की त्याच्या हातात काय आहे.

म्हणजे बघा. जे दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते ते अशा खेळाला बसले ज्यात बोलायचंच नसतं. आणि काय खेळले हो! काकाचं पान पडायच्या आधी बाबा आपलं पान बाजूला काढून ठेवायचे. पहिल्या सहा डावांत आमच्यावर दोन कोट चढवले. काकू बडबडत होती, मी हरत होते, ते दोघं मान खाली घालून पानं टाकत होते. लहानपणी ह्याच माडीवर खेळलेले असणार. हात विसरत नाहीत, माणसं विसरतात असं म्हणणार होते, खरं जाऊ दे, ते फारच कॅलेंडरवरच्या वाक्यासारखं झालं.

सातव्या डावात काकांनी इस्पिकचा राजा टाकला. मी पंजी टाकली. बाबांनी क्षणभरही न थांबता इस्पिकची दश्शी टाकली. आणि काकूनं एक्का काढून मेंढी उचलली.

काका उसळले. "एक्का भाईर हाय की अजून! दश्शी कशाला टाकलास?"

माडीवर एकदम सामसूम. पावसाचा तेवढा आवाज. काकांना स्वतःलाच कळलं नव्हतं बहुतेक की आपण कुणाशी बोललो. बाबांनी पानं खाली ठेवली आणि म्हणाले, "तू ल्हानपणापास्नं एक्का दाबूनच राजा टाकतोस. म्हटलं असंल तुझ्याकडंच."

मग अर्धा तास भांडले. दश्शीवरनं. वाटणीवरनं नाही, भिंतीवरनं नाही, दश्शीवरनं. एकमेकांना खुळा म्हणून झालं, १९७४ मधला कुठलातरी डाव उकरून काढला, त्यात कुणी हुकूम चोरला होता ते निघालं. काकू आणि मी गप बसून साखर कमी घातलेला चहा पीत होतो.

असं वाचून कुणाला वाटेल की मग गळ्यात पडले, भिंत पाडली. कसली! भिंत अजून आहे. केस अजून आहे. पाणी उतरलं, काका खाली गेले. खरं त्यानंतर दर रविवारी दुपारी जिन्यावर काकांच्या वहाणा असायच्या. बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली, तोपर्यंत.

मला सांगा, ह्याला जुगार म्हणायचं? सुप्रीम कोर्टानंसुद्धा १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलंय. रमीला! मेंढीकोटात तर पैसा येतोच कुठनं?

आणि हे "आपल्या संस्कृतीत बसत नाही" वाले. अहो, आंबोली उतरून सावंतवाडीला जा. तिथं राजवाड्यात अजून हातानं रंगवलेली गंजिफा बनते. गोल पानं, दशावताराची, दहा अवतारांची बारा-बारा मिळून एकशेवीस. प्रत्येक अवताराचा राजा वेगळा, प्रधान वेगळा. देवांना हातात धरून लोक खेळत होते आणि कुणाचा देव बाटला नाही. तुमच्या वास्तुशांतीत माझी बावन्न पानं तेवढी बाटली.

नव्या खेळांवर माझा राग नाही, हेही सांगते. माझ्या मुलीनं बेंगळूरहून एक तीन हजारांचा बोर्ड गेम आणला, नियमांचं पुस्तक आमच्या पंचांगापेक्षा जाड. दोन तास वाचलं, खेळ वीस मिनिटं झाला. चांगला होता म्हणे. कॅरम तर मला प्रिय. फक्त राणी घेऊन कव्हर न मिळणं हे माझ्या नशिबात कायमचं लिहिलंय, आणि आमच्या वाड्यातली पोरं बोरिक पावडर अशी टाकायची की बोर्डावर उपम्याचा रवाच सांडलाय. ऊनोसुद्धा मी खेळते. तो १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत एका न्हाव्यानं काढला, मुलाशी पत्त्यांच्या नियमावरनं वाद झाला म्हणून. हे कळल्यापासनं मला तो माणूस आपल्यातलाच वाटतो. नियमावरनं भांडल्याशिवाय खेळ खेळ होत नाही. फोनशी भांडता येतं का? फोन म्हणतो का, दश्शी कशाला टाकलास?

आता लिहिता लिहिता भाच्याचा थोडा विचार आला. त्याचंही बरोबर असेल. नवी सोयरीक आहे, कर्जाचं घर आहे, सासऱ्यांसमोर चांगलं दिसायचंय. त्याच्या वयाला मीही लोक काय म्हणतील म्हणून बऱ्याच गोष्टी पर्समध्ये परत टाकल्यात. त्याला हे पत्ते कुठले ते माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. हो, तेच. ट्रंकेतलेच. काकांनीच बाबांच्या तेराव्याला माझ्या हातात दिले. कडा मऊ झाल्यात, बदामच्या राणीवर चहाचा डाग आहे, पिसताना चिकटतात. नवीन कॅट शंभर रुपयाला मिळतो, मला नकोय.

निघताना दारात चप्पल शोधत होते तर भाच्याची सात वर्षांची पोरगी मागं आली. मघाशी तिनं पानं बघितली होती. म्हणाली, "आत्याआज्जी, त्या जोकरवर काहीतरी लिहिलंय." म्हटलं, ती किलवरची तिर्री आहे. "खरी कुठाय?" म्हटलं, वाहून गेली असंल. पर्समधनं काढून दाखवलं तर तिनं ते पान उलटसुलट करून बघितलं आणि मला परत दिलं नाही. आईनं आतनं हाक मारली तशी पळाली, पान घेऊनच.

आत्ता हे टाइप करताना मोजले, एक्कावन्न आहेत. आता ते पान आणायला मला परत तिकडं जावंच लागणार. रविवारी चारला जाते. गुलामचोर शिकवते तिला, एक गुलाम काढून ठेवायचा आणि जोड्या लावत जायच्या, सात वर्षांच्या पोरीला तेवढं जमतं. भाच्या, वाचत असशील तर चहा ठेव, साखर बेताची. आणि सासरे असले तर त्यांनाही बसव, मेंढीकोटाला चौथा लागेल.