हातचं बहुमत कसं घालवावं

सगळ्यात आधी जनमत चाचण्यांत वीस टक्क्यांची आघाडी मिळवा. पिछाडीवर असलेला माणूस कसाही हरतो, त्यात कसब ते काय! मुदत संपायला तीन वर्षं बाकी आहेत, समोरचा पक्ष आपसांत भांडून निम्मा झाला आहे आणि निवडणूक कुणीही मागितलेली नाही. अशा वेळी ती स्वतःहून घेऊन हरायचं, म्हणजे अंगात काहीतरी असावं लागतं. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या अंगात ते होतं. तुम्हालाही कधी डाउनिंग स्ट्रीटच्या दहा नंबरात, म्हणजे तिथल्या पंतप्रधानांच्या घरात, राहायला जायचा योग आला, तर त्यांचा २०१७ सालचा उन्हाळा उशाशी घेऊन झोपा.

त्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे काय नव्हतं? हुजूर पक्षाचे ३३० खासदार, कामापुरतं १७ चं बहुमत. समोर मजूर पक्षाचे जेरेमी कॉर्बिन. त्यांच्यावर त्यांच्याच १७२ खासदारांनी आदल्या वर्षी अविश्वास दाखवला होता, बाजूने उरले होते ४०. पक्षाच्या सामान्य सभासदांनी पुन्हा निवडून दिलं म्हणून ते खुर्चीवर होते, इतकंच. युरोपीय संघाला सोडचिठ्ठीची नोटीस २९ मार्चला देऊन झाली होती आणि दोन वर्षांची मुदत सुरू झाली होती. एखादा साधा माणूस वाटाघाटीच्या कागदांत डोकं घालून बसला असता. तुम्ही तसं करू नका. तुम्ही ईस्टरच्या सुट्टीत वेल्सच्या डोंगरांत फिरायला जा.

मोकळ्या हवेत माणसाला कल्पना सुचतात, हाच त्यातला फायदा. मुदतीआधी निवडणूक नाही म्हणजे नाही, असं थेरेसाबाई महिनोन्‌महिने सांगत आल्या होत्या. डोंगर उतरल्या आणि १८ एप्रिलला दारात उभं राहून त्यांनी निवडणूक जाहीर केली. कारण मोठं सुरेख होतं: देश एकत्र येतोय, पण संसद येत नाहीये. थोडक्यात, विरोधी पक्ष विरोध करतो, अशी तक्रार! मुदतीआधी निवडणूक घ्यायची तर कायद्याने दोन तृतीयांश खासदारांची संमती लागत होती. तीही दुसऱ्याच दिवशी मिळाली, ५२२ विरुद्ध १३ मतांनी. चाचण्यांत भुईसपाट होणार असं दिसणाऱ्या मजूर पक्षानेही हात वर केला. बोकडानेच सुरीला धार लावून द्यावी, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. बोकड कोण, हे कळायला सात आठवडे लागले.

खरं कारण मात्र संसदेत नव्हतं, घरात होतं. तेव्हा हा कानमंत्र नीट ऐका: घरची भाऊबंदकी मिटत नसेल, तर ती चावडीवर न्यावी. युरोपवरून हुजूर पक्षात चाललेलं भांडण थॅचरबाईंच्या काळापासूनचं. ते शांत करायला तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी २०१३ मध्ये, संघात राहायचं की नाही यावर सार्वमताचं वचन देऊन टाकलं. २०१५ ला त्यांच्या पक्षाला ध्यानीमनी नसताना बहुमत मिळालं आणि वचन पाळायची वेळ आली. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के मतदारांनी ‘बाहेर पडा’ म्हणून सांगितलं. पहिले बाहेर पडले ते कॅमरन. त्यांच्या जागी आलेल्या थेरेसाबाई स्वतः संघात राहण्याच्या बाजूच्या, पण पाहुणीने यजमानाहून मोठ्याने आरती म्हणावी तसं त्या म्हणू लागल्या: ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट. लाडू म्हणजे काय, तर लाडू. बेसनाचा की रव्याचा, हे सांगितलं की भाऊबंद उठणार. १७ च्या बहुमतात नऊ-दहा पुतण्यांनी तोंड फिरवलं तरी चूल विझते. म्हणून शंभराचं बहुमत आणायचं आणि पुतण्यांची तोंडं बंद करायची, असा साधा हिशेब होता.

आता प्रचार. एक घोषणा निवडा आणि ती प्रश्न कोणताही असो, उत्तर म्हणून द्या. ‘खंबीर आणि स्थिर’ ही तेव्हाची घोषणा. रुग्णालयांचं काय? खंबीर आणि स्थिर. शाळांचं काय? खंबीर आणि स्थिर. पक्षाचं नाव बारीक अक्षरांत टाका आणि आपलं ठळक, म्हणजे पुढे खापर फोडायला डोकं शोधत बसावं लागत नाही. दूरचित्रवाणीवर सगळे नेते वादाला उभे राहतील तिथे आपल्या गृहमंत्र्यांना पाठवा. अँबर रड बिचाऱ्या गेल्या. आदल्याच दोन दिवसांत त्यांचे वडील वारले होते. खंबीर नेत्या त्या संध्याकाळी आल्या नाहीत.

मुलाखत द्यावीच लागली आणि कुणी विचारलं की आयुष्यातला सगळ्यात मोठा व्रात्यपणा कोणता, तर सांगा: लहानपणी मैत्रिणींबरोबर गव्हाच्या शेतातून पळालो, शेतकरी जरा नाराज झाले. इंग्लंडभर यावर खिदळणं झालं. मला मात्र हसू आलं नाही. उभ्या पिकातून पळणं हा आमच्याकडे व्रात्यपणा समजत नाहीत. त्यावर भांडणं होतात, कधीकधी कोर्टातही जातात. आणि पुढच्या दोन वर्षांत बाईंनी ज्या उभ्या पिकातून वाट काढली, ते पाहता सवय जुनी होती म्हणायची.

या प्रचाराच्या मधोमध मँचेस्टरला आणि लंडनला दहशतवादी हल्ल्यांत माणसं मारली गेली. तो थट्टेचा विषय नाही, ते बाजूला ठेवतो.

प्रचाराचा कळस म्हणजे जाहीरनामा. इथे घाई नको, हे काम निगुतीने करायचं. तुम्हाला हमखास मत देणारे लोक कोण, याची आधी यादी काढा. हुजूर पक्षाचे हमखास मतदार म्हणजे स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे म्हातारे. आता विचार करा, या माणसाला जगात सगळ्यात प्रिय काय? घर, आणि ते आपल्यामागे मुलांना मिळेल हा विश्वास. बस्स, तिथेच हात घाला. १८ मेला हॅलिफॅक्समध्ये प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्यात तेच केलं होतं. तोवर म्हाताऱ्याची शुश्रूषा त्याच्याच घरी होत असेल, तर खर्चाच्या हिशेबात राहत्या घराची किंमत धरत नसत. आता धरणार होते. शेवटचे १ लाख पौंड तेवढे सोडायचे, बाकीची वसुली माणूस मेल्यावर घरातून. शिवाय हिवाळ्यात घर ऊबदार ठेवायला मिळणारा भत्ता सरसकट न देता ऐपत बघून द्यायचा. कर्करोग झाला तर सरकारी आरोग्यसेवा फुकट. आठवण जाऊ लागली तर घर जाणार. विरोधकांनी याला ‘स्मृतिभ्रंशाचा कर’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की मूळ नाव कुणाला आठवेना.

खरं सांगायचं तर प्रश्न खरा होता. म्हातारपणाच्या सेवेचा पैसा कुठून आणायचा, हे ब्रिटनला आधीही सुटलं नव्हतं, नंतरही नाही. एखाद्या पंतप्रधानाने त्याला हात घातला ही खरी हिंमत. पण हिंमत निवडणुकीच्या तीन आठवडे आधी, मंत्र्यांशीही धड न बोलता दाखवली की तिला वेगळं नाव पडतं.

चार दिवसांत माघार घ्या. २२ मेला थेरेसाबाईंनी खर्चावर कमाल मर्यादा आणण्याचं कबूल केलं. जाहीरनाम्यात ती नव्हती. पत्रकारांनी विचारलं, मग हा बदल नाही का? बाई हात पसरून म्हणाल्या, काहीही बदललेलं नाही, काहीही बदललेलं नाही! हे वाक्य आरशासमोर उभं राहून म्हणून बघा. पडदे उडताहेत, पत्रे वाजताहेत, आणि तुम्ही शांतपणे सांगताय की वारा नाही. जाताजाता कोल्ह्याच्या शिकारीवर संसदेत पुन्हा मतदान घ्यायचं आश्वासनही देऊन टाका. ते मागणाऱ्यांची मतं आधीच तुमची असतात, पण तरुण पोरं त्यामुळे अंथरुणातून उठून मतदानाला जातात.

८ जूनला रात्री दहाच्या ठोक्याला मतदानोत्तर चाचणी आली: हुजूर पक्षाला ३१४. कुणाचाच विश्वास बसेना. पहाटेपर्यंत ३१७ वर गाडी थांबली. बहुमताला ३२६ लागतात. केन्सिंग्टनसारखी लंडनची धनाढ्य वस्ती मजूर पक्षाने २० मतांनी घेतली. कँटरबरी १९१८ पासून हुजूर पक्षाचं होतं, तेही गेलं. गंमत अशी की मतं कमी पडली नव्हती. ४२.४ टक्के मिळाली, आधीपेक्षा साडेपाच टक्के जास्त. जवळपास तेवढ्याच टक्क्यांवर थॅचरबाईंनी १९८३ ला १४४ चं बहुमत मिळवलं होतं. पण त्यांच्या वेळी विरोध दोघांत फाटला होता. इथे कॉर्बिननी एकट्याने ४० टक्के गोळा केले. मतांची टक्केवारी आणि जागा यांची ही लपाछपी आपल्यालाही चांगली ठाऊक आहे. ती पद्धत आपण त्यांच्याकडूनच आणली.

निकालानंतर त्यांच्या मतदारसंघात, मेडनहेडच्या मंचावर थेरेसाबाईंच्या शेजारी डोक्यावर काळी बादली घातलेला एक उमेदवार उभा होता. लॉर्ड बकेटहेड, मतं २४९. तो फोटो जपून ठेवा. तेवढा एकच उमेदवार त्या रात्री आपण हरलो हे मान्य करत होता.

कारण मजूर पक्ष हरलाच नाही मुळी! २६२ जागा, म्हणजे पहिल्या क्रमांकापेक्षा ५५ कमी, सलग तिसरा पराभव, आणि दारोदार पेढे. तुम्हाला विरोधी पक्षनेता व्हायचं असेल तर हे शिका: अपेक्षा इतकी खाली नेऊन ठेवायची की उंबरठ्याला ठेच लागली तरी लोकांनी म्हणावं, बघा, घरात तर आला! ज्या खासदारांनी वर्षापूर्वी अविश्वास दाखवला होता, तेच सभागृहात उभे राहून टाळ्या वाजवत होते. महिनाअखेर ग्लॅस्टनबरीच्या संगीत महोत्सवात पोरं कॉर्बिनच्या नावाचा गजर करत होती. त्यांतल्या बहुतेकांना युरोपात राहायचं होतं. कॉर्बिनना खरोखर काय हवं होतं, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. उत्तरेतल्या जुन्या कामगार वस्त्यांना वाटे हा बाहेर काढील, लंडनच्या विद्यार्थ्यांना वाटे हा आत ठेवील. एकाच माणसाने दोन्ही घरी जावई म्हणून जेवायचं, तर तोंड बंद ठेवणं भाग असतं. अडीच वर्षांनी दोन्ही घरांनी एकदम हिशेब मागितला आणि २०२ जागा उरल्या, ही पुढची गोष्ट.

आता तुमचं बहुमत गेलं आहे, तेव्हा बाजारात जा. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या कडव्या युनियनवादी, म्हणजे ब्रिटनला चिकटून राहू म्हणणाऱ्या, पक्षाकडे दहा खासदार होते. प्रचारात एका परिचारिकेने पगारवाढीचं विचारलं, तेव्हा थेरेसाबाई म्हणाल्या होत्या, पैसे काही जादूच्या झाडाला लागत नाहीत. २६ जूनला झाड सापडलं. उत्तर आयर्लंडसाठी १ अब्ज पौंड जादा, म्हणजे खासदारामागे १० कोटी. परिचारिकेने डीयूपीकडून उभं राहायला हवं होतं.

नव्या संसदेपुढे सरकारचा कार्यक्रम वाचून दाखवणारं राणीचं भाषण त्या सौद्यापायी लांबलं. तेव्हा असंही कारण ऐकू आलं की भाषण बकरीच्या कातड्यावर लिहितात आणि शाई वाळायला दिवस लागतात. वस्तुतः ते कातडं नसतं, जाडजूड कागद असतो. पण सरकार बनत नाही यापेक्षा शाई वाळत नाही हे सांगायला बरं. शेवटी २१ जूनला राणीसाहेब आल्या त्या मुकुटाविना, निळी टोपी घालून. टोपीवर पिवळी फुलं, थेट युरोपीय संघाच्या झेंड्यासारखी! योगायोगच असणार.

दहा खासदार विकत घेताना मात्र सीमेकडे बघायचं राहिलं. ब्रिटन संघाबाहेर गेला की आयर्लंड बेटावरची सीमा ही संघाची सीमा होणार, तिथे नाका बसवावा तर रक्तपाताची जुनी जखम उघडणार, आणि नाका समुद्रात न्यावा तर डीयूपी उठून जाणार. निकालानंतर आठवडा व्हायच्या आत, १४ जूनला, सीमेपलीकडे आयर्लंड देशात नवे पंतप्रधान आले लिओ वराडकर. वडील डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. बांधाच्या भांडणात समोर मालवणी आडनाव आल्यावर निकाल सहज लागेल असं लंडनमध्ये ज्यांना वाटलं, त्यांनी सिंधुदुर्गातल्या एखाद्या वकिलाला विचारायला हवं होतं.

एवढं होऊनही तुम्हाला कुणी काढणार नाही. ज्यांना थेरेसाबाईंनी अर्थमंत्रिपदावरून काढलं होतं ते जॉर्ज ऑसबर्न आता संपादक झाले होते. ते त्यांना ‘चालतं प्रेत’ म्हणाले. ऑक्टोबरमध्ये पक्षाच्या अधिवेशनात भाषणात खोकल्याची ढास लागली, एका विनोदवीराने मंचाजवळ येऊन नोकरीतून काढल्याचा कागद हातात दिला आणि पाठीमागच्या घोषणेतली अक्षरं एकेक करून गळू लागली. तरी कुणी हलवलं नाही, कारण ब्रेक्झिटचं गाठोडं आपल्या डोक्यावर कुणालाच नको होतं. खुर्ची सगळ्यांना हवी होती, पण ती परवा.

मग युरोपीय संघाशी ठरलेला ब्रेक्झिटचा करार संसदेत आणला. १५ जानेवारी २०१९ ला तो ४३२ विरुद्ध २०२ ने पडला. मार्चमध्ये पुन्हा आणला, पुन्हा पडला. सभापती बर्को यांनी १६०४ सालचा दाखला काढून सांगितलं की तोच ठराव परत परत आणता येत नाही. तरी २९ मार्चला तिसऱ्यांदा आणला आणि तिसऱ्यांदा पडला. जनतेला मात्र दुसऱ्यांदा विचारायचं नाही, ती एकदा बोलली आहे, तिचा अपमान होतो. अपमान सोसायला खासदार आहेत.

इथे कुणी चाणाक्ष वाचक म्हणेल की त्याच वर्षीच्या डिसेंबरात थेरेसाबाईंच्या जागी आलेल्या बोरिस जॉन्सननी मुदतीआधी निवडणूक घेतली, त्यांना ३६५ जागा कशा मिळाल्या? अहो, त्यांनी भाऊबंदकी चावडीवर नेण्याआधी एकवीस भाऊबंद घराबाहेर काढले आणि सीमा सरळ समुद्रात नेऊन टाकली. डीयूपीवाले बघत राहिले. जॉन्सन यांच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल, आणि तो सल्ल्याचा नसेल.

तुम्ही आपले सज्जन दिसता. तेव्हा पंतप्रधान झालात आणि ईस्टरची सुट्टी आली, तर वेल्सच्या वाटेला जाऊ नका. मालवणला जा. दुपारी सुरमई खा, वर सोलकढी प्या, माडाखाली आडवे व्हा. चारच्या सुमाराला एखादी कल्पना सुचल्यासारखी वाटेल. कूस बदला.