बोल्टवर उभं असलं तरी ते बांधकामच

शेतजमिनीवर घर उभं करण्याची एक युक्ती गेली काही वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर आणि प्लॉटच्या जाहिरातींत फिरते आहे. तिचा गोषवारा असा: कंटेनरचं किंवा प्रीफॅब (कारखान्यात तयार करून आणलेलं) घर जमिनीत रुतलेलं नसतं, म्हणून ते बांधकाम नव्हे. त्याला एनए (जमीन अकृषिक करण्याचा आदेश) नको, परवानगी नको. शेतघराला कायद्यानंच सूट आहे. अकरा गुंठ्यांचे तुकडे घेऊन दहा-पंधरा जणांनी एकत्र घरं ठेवली तरी चालतं. ग्रामपंचायतीत नोंद झाली आणि मीटर लागला की कुणी हात लावत नाही. आणि नोटीस आलीच तर क्रेन बोलवा, घर उचला.

या साखळीतल्या काही कड्या अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच ती लोकांना पटते. आयुष्याची पुंजी घालून लोक अशी घरं घेत आहेत, तेव्हा एकेक कडी ओढून पाहायलाच हवी.

"रुतलेलं नाही, म्हणजे बांधकाम नाही"

महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबई महापालिका, एमआयडीसी, काही गिरिस्थानं अशी क्षेत्रं तिच्याबाहेर आहेत, पण तिथे त्यांचे स्वतःचे नियम आहेत. या नियमावलीत 'इमारत' म्हणजे कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही साहित्यातून उभारलेली रचना, मग तिच्यात माणूस राहो वा न राहो. वगळलं आहे ते समारंभासाठी परवानगी घेऊन उभारलेले तंबू, शामियाने, ताडपत्रीचे आडोसे. पोलाद, पफ पॅनेल (पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पॅनेल), फायबर सिमेंट बोर्ड यांना कुठेही सूट नाही.

त्याच्याही मुळाशी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आहे. त्यातल्या 'विकास' या शब्दात जमिनीत, जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेलं बांधकाम येतंच, शिवाय जमिनीच्या वापरातला ठळक बदलही येतो. ज्वारीच्या रानात माणसं राहायला लागली की वापर बदलला. ती विटांच्या घरात राहतात की लोखंडी, हा प्रश्न उरतच नाही. याच कायद्यात परवानगी न लागणाऱ्या कामांची यादी आहे. शेतीच्या ओघात खणलेली विहीर आणि फक्त शेतीसाठीचा रस्ता त्या यादीत सापडतो. राहतं घर सापडत नाही.

'रुतलेलं नाही' हा युक्तिवाद न्यायालयांनाही नवा नाही. पेट्रोलियमच्या अजस्र टाक्या जमिनीत गाडलेल्या नाहीत, स्वतःच्या वजनावर टेकलेल्या आहेत, म्हणून त्यांवर मालमत्ता कर नको, असा वाद मुंबई महापालिका आणि इंडियन ऑइल यांच्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या निकालात न्यायालयानं टाक्या करपात्रच धरल्या. तो खटला कराचा होता, बांधकाम परवानगीचा नव्हे. पण वस्तू कायम तिथेच राहण्यासाठी ठेवली आहे का, हे पाहण्याची दृष्टी त्यात स्पष्ट दिसते.

आता कागद बाजूला ठेवून वाऱ्याचा हिशेब करू. चाळीस फुटी उंच कंटेनर १२.१९ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.९० मीटर उंच असतो. त्याची लांब बाजू सुमारे ३५ चौरस मीटर भरते आणि रिकामं वजन ३.९ टनांच्या आसपास. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब भारतीय मानकाच्या सूत्रानं (०.६ गुणिले वेगाचा वर्ग) दर चौरस मीटरला साधारण ६६७ न्यूटन येतो. म्हणजे लांब बाजूवर सव्वादोन टनांहून जास्त रेटा, आणि मागच्या बाजूची ओढ धरली तर पावणेतीन टनांपर्यंत. नुसत्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकलेल्या रिकाम्या पेटीला घर्षणाचा आधार जेमतेम पावणेदोन टनांचा. पेटी सरकणार. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारे याच वेगाचे होते.

म्हणून कामाची जाण असलेला कोणताही अभियंता पेटी मोकळी ठेवत नाही. कंटेनरचा भार चार कोपऱ्यांतल्या ओतीव ठोकळ्यांतून खाली उतरतो. त्या प्रत्येकाखाली काँक्रीटचा खांब, त्यात गाडलेली पोलादी प्लेट, आणि तिच्यावर ट्विस्ट-लॉक (फिरवून अडकवायची कडी) किंवा वेल्डिंग. बाजू कापून दोन पेट्या जोडायच्या असतील तर जास्तच काळजी लागते, कारण पन्हळी पत्रा हाच त्या पेटीचा कणा आहे. तो कापला की वरची तुळई खचते, दारं अडकतात, आणि कापलेल्या कडेला चौकोनी पाइपची चौकट द्यावी लागते. शिवाय संडासाची टाकी, शोषखड्डा, पाण्याची लाइन, अर्थिंग. यातलं काहीच क्रेननं उचलता येत नाही. सुरक्षित घर जमिनीला बांधलेलंच असतं, आणि जे बांधलेलं नाही त्यात पावसाळ्यात मुलाबाळांना झोपवू नये.

"तात्पुरतं आहे, म्हणून सूट मिळते"

तात्पुरत्या बांधकामाची तरतूद नियमावलीत आहे, पण ती मुदतीची आहे आणि कारणं ठरलेली आहेत: मांडव, प्रदर्शनं, बांधकामाच्या जागेवरचं ऑफिस, सामानाचं गोदाम, पावसाळी आच्छादन. आणि तीही परवानगी घेऊनच.

या दाव्याची सगळ्यात घातक बाजू मात्र वेगळीच आहे. नगररचना अधिनियमात विनापरवाना पक्क्या बांधकामासाठी कलम ५३ आहे. त्यात नोटीस मिळते आणि नोटिशीच्या मुदतीत बांधकाम राखण्यासाठी परवानगीचा अर्ज करायची वाट असते. तात्पुरत्या स्वरूपाच्या विनापरवाना विकासासाठी कलम ५५ आहे. त्यात लेखी आदेश निघतो आणि पंधरा दिवसांत काढून न्यावं लागतं. नाही नेलं तर पोलिसांच्या किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या मदतीनं ते हटवलं जातं. शिवाय एखादं काम तात्पुरतं आहे की नाही याबद्दल नियोजन प्राधिकरणाचा निर्णय अंतिम असतो. म्हणजे 'आमचं घर तात्पुरतं आहे' असं लेखी देणारा मालक स्वतःच झटपट कारवाईच्या कलमात जाऊन बसतो. कलम ५२ ची शिक्षा वेगळी: एक महिना ते तीन वर्षं कैद, दोन ते पाच हजार रुपये दंड, आणि गुन्हा चालू राहिला तर रोजचा दंड.

"शेतघराला परवानगीच लागत नाही"

या कडीत तथ्य आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ नुसार शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर शेत-इमारत उभारता येते. अवजारं, खत, वैरण, धान्य, गुरं यांच्यासाठी, तसंच कुटुंबाच्या, गड्यांच्या किंवा कुळांच्या राहण्यासाठी. ही खऱ्या शेतकऱ्याची गरज आहे आणि ती जपलीच पाहिजे.

पण कलम तिथे संपत नाही. शहरांत, शहरांभोवतीच्या ठरावीक पट्ट्यात आणि नियोजनाखालच्या क्षेत्रांत त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिथे धारण क्षेत्र सर्वसाधारणपणे किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास चाळीस गुंठे हवं. राहण्यासाठीच्या भागाचं जोतं १५० चौरस मीटरपेक्षा मोठं नको, उंची पाच मीटरच्या आत, आणि फक्त तळमजला. पुणे, नाशिक, ठाणे, रायगड इथल्या ज्या जमिनींची जाहिरात होते, त्यांतल्या बऱ्याचशा याच पट्ट्यांत येतात. अकरा गुंठ्यांचा तुकडा या मापात बसतच नाही. आणि घराचा उद्देश शेतीशी जोडलेला लागतो. शनिवार-रविवारी भाड्यानं द्यायची खोली ही शेत-इमारत नव्हे. तसं करायचं असेल तर कृषी पर्यटनाची रीतसर नोंदणी हा वेगळा आणि उघड मार्ग आहे.

"आता एनएच लागत नाही"

एनएच्या प्रक्रियेत गेल्या काही वर्षांत खरोखर सवलती आल्या आहेत. विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत निवासी दाखवलेली जमीन, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, अशांसाठी वेगळ्या अकृषिक आदेशाचे हेलपाटे कमी झाले. पण फॉरवर्ड करणारे दोन प्रश्नांची गल्लत करतात. एनए हा महसूल खात्याचा, आकारणीचा प्रश्न. बांधकाम परवानगी हा नगररचनेचा प्रश्न: या झोनमध्ये घर चालतं का, रस्ता किती रुंद आहे, चारी बाजूंनी किती अंतर सोडायचं. पहिला सुटला म्हणून दुसरा सुटत नाही. शेती किंवा ना-विकास झोनमधल्या गटाला निवासी झोनची सवलत लावता येत नाही.

"अकरा गुंठे घ्या, दहा जण मिळून वसाहत करा"

इथे सर्वांत जास्त माणसं फसतात. अकरा गुंठे हा आकडा जुन्या बागायती प्रमाणभूत क्षेत्राच्या (ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही त्या मर्यादेच्या) आठवणीतून आला आहे. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे झाली. डोंगरउतारावरची माळजमीन जिरायत असते, त्यामुळे तिथला अकरा गुंठ्यांचा व्यवहार तुकडेबंदीतच अडकतो. मग विक्रेता 'सामाईक सातबारा' सुचवतो. सातबाऱ्यावर दहा नावं चढतात, पण कुणाचा तुकडा कुठला हे कुठेच नोंदलेलं नसतं. एका सहहिस्सेदाराचं निधन झालं, एकानं कर्ज काढलं किंवा एक भांडला, की सगळ्यांची वाट अडते. खरेदीदार शेतकरी नसेल, तर पश्चिम महाराष्ट्रात कुळकायद्याचं कलम ६३ आधीच आडवं येतं.

समजा जमीन एकत्रच विकसित करायची आहे. मग तो रेखांकनाचा, म्हणजे लेआउटचा विषय झाला. ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या जागेत १० टक्के खुली जागा सोडावी लागते. अंतर्गत रस्ते सर्वसाधारणपणे ९ मीटरपासून पुढे, लांबी वाढेल तसे रुंद. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामकाकडे नोंदणी. या अटींचा लोकांना जाच वाटतो, पण त्यांची कारणं फार साधी आहेत. तीन मीटरच्या पाणंदीत अग्निशमनाचा बंब वळत नाही. बारा घरांचे बारा शोषखड्डे आणि बारा बोअरवेल दोन एकरांत खणले, तर पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर अंतर ठेवण्याची अट पाळायला जागाच उरत नाही, आणि एकाचं सांडपाणी दुसऱ्याच्या बोअरला लागतं.

'पुढे गुंठेवारीत नियमित करू' हे आश्वासनही पोकळ आहे. विनापरवाना पाडलेले छोटे तुकडे नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. त्यानंतर पाडलेले तुकडे त्यात येत नाहीत.

"ग्रामपंचायतीची नोंद आणि मीटर आहे"

नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीतली नोंद कर वसूल करण्यासाठी असते. तिनं मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामही अधिकृत होत नाही. वीजजोडणीचंही तसंच. गावठाणाबाहेरच्या घराला ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही.

"म्हणजे सरकारला प्रीफॅब नकोच आहे"

हा उलट टोकाचा समजही चूक आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत पूर्वनिर्मित बांधकामावर स्वतंत्र विभाग आहे. केंद्राच्या लाइट हाउस प्रकल्पांत रांचीला कारखान्यात ओतलेल्या पूर्ण खोल्या एकमेकींवर रचून घरं झाली, आगरताळ्याला हलक्या पोलादी चौकटीची. साहित्यावर बंदी नाही, मापं पाळायची आहेत.

एकट्या कंटेनरची खरी अडचण तिथेच आहे. राहत्या खोलीला किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र, २.४ मीटर रुंदी आणि २.७५ मीटर उंची लागते. कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर. दोन्ही भिंतींना ५० मिलिमीटर पफ आणि वर बोर्ड लावला की ती सव्वादोन मीटरच्या आत येते. उंच कंटेनरची आतली उंची २.६९ मीटर, आणि छताचं अस्तर लावल्यावर २.६ च्या आसपास. अस्तर गाळलं तर मे महिन्यात पत्रा भाजून काढतो आणि कोकणच्या पावसाळ्यात आतून पाणी ठिबकतं. म्हणून अधिकृत घर करायचं तर दोन पेट्या शेजारी जोडून मधली भिंत काढणं आणि छत उचलणं, किंवा सरळ हव्या त्या मापाचं पोलादी चौकटीचं प्रीफॅब घेणं. दुसरा पर्याय बहुतेकांसाठी शहाणपणाचा. त्याचे भाग छोट्या ट्रकमधून येतात. चाळीस फुटी पेटीचा ट्रेलर मात्र गावातल्या पहिल्याच काटकोनी वळणावर अडतो, आणि 'नोटीस आली की उचलू' हा बेतही त्याच वळणावर अडतो.

रीतसर वाट वाटते तितकी अवघड नाही. मंजूर रेखांकनातल्या लहान भूखंडांना नियमावलीनं कमी जोखमीच्या गटात ठेवलं आहे, आणि तिथे परवाना झटपट मिळतो. शेतजमीनच घ्यायची असेल तर इसार देण्याआधी पुढचे कागद हातात हवेत: चालू सातबारा आणि ८-अ, मागचे फेरफार, गटाचा नकाशा, भूमी अभिलेखची मोजणी, आणि नगररचना कार्यालयाचा झोन दाखला भाग नकाशासह. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकाना आधी वाचा. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कुळ, तुकडा, पुनर्वसन यांपैकी एकही शब्द दिसला तर तिथेच थांबून वकिलाला दाखवा. रस्ता नकाशावर आहे की फक्त शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, हे मोजणीच्या दिवशी जागेवर उभं राहून पाहा. विक्रेता 'झोन दाखल्याची गरज नाही, हे कंटेनर घर आहे' असं म्हणाला, तर तो दाखला स्वतः अर्ज करून काढा आणि तो हाती येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.