गेम जुना झाला म्हणून मोडायचा?

जीटीए मालिकेतल्या व्हाइस सिटी या जुन्या गेमच्या आयकॉनवर डबल क्लिक करा. गेम उघडायच्या ऐवजी एक छोटी चौकट उघडते: 640 बाय 480 चा व्हिडिओ मोड सापडत नाही. नाहीतर दुसरी: पुरेशी व्हिडिओ मेमरी नाही. मशीनमध्ये 8 जीबीचं कार्ड बसलेलं आहे आणि हा गेम 2003 साली 32 एमबीच्या कार्डावर चालायचा! आता ही चौकट घेऊन दुकानात जा. सांगलीत विश्रामबागला विचारा, साताऱ्यात पोवई नाक्यावर विचारा, ठरलेलं उत्तर मिळतं: "कार्ड बदला, हे जुनं झालं."

अहो, कार्डाचा काडीचाही संबंध नाही! गेम व्हिडिओ मेमरी विचारतो ती डायरेक्टड्रॉ या पडद्यावर चित्र काढायच्या जुन्या विंडोज सोयीच्या वाटेनं, आणि ती वाट आजच्या विंडोजमध्ये नीट उरलेली नाही. इलाज फुकट आहे. सायलेंटपॅच नावाचा पॅच उतरवायचा, झिपमधल्या फाइली गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये एक्झी फाइलच्या, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या फाइलच्या, शेजारी टाकायच्या, बस. मेनूत मधेच मेलेला माउसही त्यानंच जिवंत होतो. पाच मिनिटांचं काम. पण त्याऐवजी पोराच्या बापाला हजारो रुपयांचं कार्ड गळ्यात मारतात, घरी नेऊन लावलं की पुन्हा तीच चौकट. ही सरळ लूट आहे.

आणि ही तर इन्स्टॉल झालेल्या गेमची कथा. कित्येक गेम तिथवरही पोचत नाहीत. नव्वदच्या दशकातले बरेच गेम स्वतः 32 बिटचे आहेत, पण त्यांचा इन्स्टॉलर 16 बिटचा. 64 बिट विंडोज 16 बिटचं काही चालवतच नाही, म्हणून सेटअपवर क्लिक केलं की "हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही" एवढंच येतं. लोक समजतात गेम गेला. तो सीडीत धडधाकट बसलाय, दारावरचा शिपाई तेवढा गेलाय. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे पीसीच्या आत चालणाऱ्या नकली पीसीत, 32 बिट विंडोज एक्सपी टाकून तिथं इन्स्टॉल करा आणि तयार फोल्डर उचलून बाहेर आणा, बरेच गेम तसे चालतात. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, नोंदी मागणारा गेम असेल तर त्या नोंदीही एक्स्पोर्ट करून आणाव्या लागतात, नाहीतर तो सीडी घाला म्हणून बसतो.

सीडी घाला! यावर तर संताप होतो. दुकानातून पैसे मोजून अस्सल सीडी घेतली, वीस वर्षं जपली, आणि तीच आज चालत नाही. कारण सेफडिस्क. ही कॉपी अडवणारी व्यवस्था एका ड्रायव्हरवर चालायची. विंडोज 10 मध्ये तो ड्रायव्हर नाहीच, आणि सप्टेंबर 2015 च्या सुरक्षा अपडेटनं व्हिस्टापासून 8.1 पर्यंतच्या विंडोजवरही तो बंद झाला. ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भगदाड होतं, तेव्हा तो काढला हे बरोबरच. पण मग गेम विकणाऱ्यांनी सीडी न तपासणारी एक एक्झी फाइल द्यायला काय हरकत होती? काही मेगाबाइटची फाइल! ज्यांनी दिली त्यांचं भलं होवो, पण बहुतेकांनी दिली नाही. परिणाम काय, तर पैसे देऊन घेतलेला माणूस अडला आणि क्रॅकवाल्याचं, म्हणजे सीडीची तपासणी तोडलेली चोरटी प्रत वापरणाऱ्याचं, बिनबोभाट चाललं.

एज ऑफ एम्पायर्स 2 चं दुखणं आणखी वेगळं. 1999 चा गेम, 256 रंगांत काढलेला. विंडोज 7 वर गवत लाल आणि पाणी जांभळं दिसायचं, कारण त्याच वेळी विंडोजचा एक्सप्लोरर (डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्राम) रंगांच्या तक्त्यात हात घालायचा. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून खेळा असा सल्ला तेव्हा सगळीकडे फिरायचा. आज ते करायची गरज नाही. सीएनसी-डीड्रॉ या पॅचची डीड्रॉ डीएलएल (गेम वापरतो ती मदतनीस फाइल) गेमच्या फोल्डरमध्ये टाका, रंग जागेवर येतात. कॅप्टन क्लॉ या गेमलाही हाच उपाय. थ्रीडी गेम असेल तर डीजीव्हूडू 2 हा पॅच घ्या. त्याच्या एमएस फोल्डरमधल्या एक्स86 मधून डीएलएल उचलायच्या. एक्स64 मधून उचलल्या तर काहीच होत नाही, कारण जुना गेम 32 बिटचा. निम्मे लोक इथंच चुकतात आणि "पॅच फालतू आहे" म्हणून मोकळे होतात.

चौघांनी लॅनवर, म्हणजे जोडलेल्या मशीनवर एकत्र, खेळायचं तर डायरेक्टप्ले हा विंडोजचा जुना भाग लागतो, आणि तेही विंडोजनं अडगळीत टाकलंय. कंट्रोल पॅनलमध्ये विंडोज फीचर्स चालू-बंद करायची यादी उघडा, लेगसी कंपोनंट्समध्ये डायरेक्टप्लेवर टिक करा. त्याहून जुन्या, आयपीएक्स या जुन्या नेटवर्क पद्धतीवर बोलणाऱ्या गेम्सचं तर नावच नको. व्हिस्टापासून आयपीएक्स काढूनच टाकलंय, तिथं आयपीएक्सरॅपर टाकल्याशिवाय मशीन एकमेकांना दिसत नाहीत.

एक गोष्ट शंभरदा सांगून लोक ऐकत नाहीत: जुना गेम प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका! तिथं लिहायची परवानगी नसते. विंडोज गपचूप सेव्ह फाइल व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या लपलेल्या फोल्डरात वळवतं आणि मग "माझे सगळे मिशन गेले" म्हणून रडारड. सी ड्राइव्हवर गेम्स नावाचं साधं फोल्डर करा.

जीटीए मालिकेतल्याच सॅन अँड्रियासवाल्यांना वेगळं सांगायला हवं. त्यातला फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्यावरची मर्यादा, बंद करू नका. 144 हर्ट्झचा मॉनिटर आणला म्हणून तो काढतात आणि मग गेमचा नायक सीजे याचं पोहणं मंद झालं, गाड्या विचित्र वागतात म्हणून तक्रार करतात. या गेमचं गणित फ्रेमवर बांधलंय, वेग वाढवला की ते फिसकटतं. आणि स्किमरची भानगड तर प्रत्येकानं समजून घ्यावी. विंडोज 11 च्या 24एच2 अपडेटनंतर सॅन अँड्रियासमधलं पाण्यावरचं स्किमर विमान गायबच झालं, आणि मॉड (गेममध्ये बदल करणारी बाहेरची फाइल) लावून बळंच आणलं तर खेळाडू थेट आभाळात फेकला जायचा. सायलेंटपॅचवाल्यानं 2025 मध्ये मूळ शोधून काढलं. व्हाइस सिटीत स्किमरची नोंद बोट म्हणून होती. सॅन अँड्रियासमध्ये तिचं विमान केलं, पण विमानाच्या ओळीत चाकांचे जे आकडे लागतात ते भरायचे राहिले. गेम ते आकडे वाचायला जायचा आणि स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेवर) आधीच्या गाडीचे उरलेले आकडे त्याला मिळायचे. म्हणजे 2005 पासून दुसऱ्याच गाडीच्या चाकांवर ते विमान उडत होतं! नव्या विंडोजनं स्टॅकचा तो कोपरा वापरायला घेतला, आकडे पुसले गेले, विमान गेलं. चूक विंडोजची नाही, गेमचीच. पण ती शोधली कुणी? पगार नसलेल्या एका मॉडवाल्यानं. ज्यांनी या गेमवर गडगंज कमावलं त्यांनी वीस वर्षांत ती ओळ भरली नाही.

त्यांनी, म्हणजे गेम बनवणाऱ्या रॉकस्टारनं, काय केलं ते पण सांगतो. 2014 मध्ये सॅन अँड्रियासच्या अपडेटमधून परवाने संपलेली गाणी काढली. 2021 मध्ये जीटीए 3, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास या तिन्ही गेमची नवी आवृत्ती आणताना जुने गेम डिजिटल दुकानांतून उचलले, ओरड झाल्यावर परत आणले. नव्या आवृत्तीत काय होतं? यंत्राकडून घासूनपुसून घेतलेल्या पाट्या, त्यावर चुकलेली स्पेलिंगं, समोरचं काही दिसू न देणारा पाऊस. धुकं काढून टाकल्यामुळं अख्खा नकाशा एका नजरेत दिसायला लागला आणि अवाढव्य वाटणारं सॅन अँड्रियास तालुक्याएवढं झालं. ते धुकं ही कमतरता नव्हती, त्या धुक्यानंच नकाशा मोठा वाटायचा. वॉरक्राफ्ट 3 चं तर त्याहून वाईट: जानेवारी 2020 मध्ये रीफोर्ज्ड ही नवी आवृत्ती आली आणि ज्यांनी जुना गेम घेतला होता त्यांच्या डोक्यावरही तेच बसवलं. विकलेली वस्तू मागनं येऊन बदलायचा हक्क यांना दिला कुणी? नवी आवृत्ती काढा, खुशाल विका. जुनी शेजारी राहू द्या.

चांगलं करता येतं, हे एज ऑफ एम्पायर्स 2 च्या 2019 च्या आवृत्तीनं दाखवलंय. गेम तोच ठेवला आणि आधीची एचडी आवृत्तीही बंद पाडली नाही. पण असे किती? व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं 2023 मध्ये मोजलं, तर अमेरिकेत 2010 पूर्वी आलेल्या गेम्सपैकी 87 टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. 2005 चा नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम घ्या. आपल्याकडं कॅफेत तो न खेळलेला पोरगा सापडणार नाही, पण पैसे देऊन डाउनलोड करायचा म्हटलं तर दुकान नाही.

मग पोरं जातात "हायली कंप्रेस्ड, शंभर टक्के चालणार"च्या व्हिडिओंकडं. तिथं अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि झिपला पासवर्ड लावलेला असतो. तो पासवर्ड तुमच्या सोयीसाठी नाही रे, अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून आहे! आणि एवढं करून हातात काय पडतं, तर रेडिओ कापलेली व्हाइस सिटी. रेडिओशिवाय व्हाइस सिटीत उरतं काय?

म्हणून ज्यांच्याकडं अस्सल सीडी आहेत त्यांना कळकळीनं सांगणं आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा सांगलीत तळमजल्यांवरच्या कपाटांत काय काय भिजलं ते आठवा. सीडीची आजच इमेज, म्हणजे अख्ख्या चकतीची फाइलरूपी नक्कल, करा. साधी आयएसओ इमेज पुरत नाही. क्वेकसारख्या गेमचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असतं, आयएसओ केली की ते गळतं आणि गेम मुका होतो. बिन आणि क्यू अशा दोन फाइलींची जोडी करा. सेफडिस्कवाली सीडी असेल तर एमडीएस-एमडीएफ ही फाइलींची जोडी करा, कारण तिच्यातले मुद्दाम खराब ठेवलेले सेक्टरही तसेच उतरावे लागतात. रीडिंगचा वेग कमी ठेवा, ओरखडे असलेली सीडी जास्त वेगात हमखास एरर देते. चकती आतून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल फिरवून नाही. आणि डबीच्या आतल्या कागदावरची सीडी-की मोबाइलवर फोटो काढून इमेजच्या फोल्डरातच टाका. की नसेल तर एवढी जपलेली इमेजसुद्धा इन्स्टॉलरमध्येच अडकते.